निकाल लागला, तुमचा भाग मात्र तसाच आहे

मराठीत ट्रू क्राईम पॉडकास्ट करणारे सर्व निर्माते, निवेदक आणि संपादक यांना,

स. न. वि. वि.

गोव्यातल्या एका जुन्या खटल्यावरचा भाग दुरुस्त करा, अशी विनंती काही श्रोत्यांनी तुमच्यापैकी एका कार्यक्रमाला मध्यंतरी केली. भागात ज्याला सरळ खुनी म्हटलं आहे, तो माणूस नंतर कोर्टातून निर्दोष सुटला. उत्तर दोन ओळींचं आलं. भाग निकालाआधीचा आहे, तेव्हाच्या माहितीवर केलेला आहे, तो तसाच राहील. शिवाय 'हा कार्यक्रम केवळ मनोरंजनासाठी' असं सुरुवातीलाच सांगितलेलं आहे. कार्यक्रमाचं नाव इथे घेत नाही. हेच उत्तर आणखी कितीजणांनी दिलं असतं, याचा अंदाज तुमचे भाग नियमित ऐकणाऱ्यांना आहे. म्हणून पत्र सगळ्यांना, आणि उघड.

यात आमचा संबंध काय, ते आधी. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. एवढ्याशा मुलखात आरोपीचा भाऊ, मयत मुलीची मावशी, पंचनाम्यावर सही केलेला पंच आणि तुमचा श्रोता एकाच कदंब बसमधून पणजीला जातात. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यासाठी जी 'गोवा स्पेशल' मालिका, ती इथे तिंट्यावरची, म्हणजे गावच्या चौकातली, चर्चा होते, आणि चार वर्षांनी कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरताना पुन्हा वर येते.

हणजूणचं २००८ चं प्रकरण घ्या. तुमच्या यादीत ते असतंच. त्या मुलीचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे येईल. फेब्रुवारी २००८ मध्ये किनाऱ्यावर १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलीस आधी म्हणाले, बुडून मृत्यू. दुसऱ्या शवविच्छेदनात अंगावर जखमाच जखमा निघाल्या आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये पणजीच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवून १० वर्षांची सक्तमजुरी दिली, दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. दोष सिद्ध झाला तो सदोष मनुष्यवधाचा, खुनाचा नव्हे.

आता २०१० साली 'दोन नराधम' म्हणून केलेला भाग एका माणसाच्या बाबतीत खोटा ठरला. २०१७ साली 'कुणीच दोषी नाही' म्हणून केलेला भाग दुसऱ्याच्या बाबतीत शिळा झाला. २०१९ नंतरही 'मर्डर' म्हणणारा भाग आजही चुकीचाच आहे. तिन्ही भाग अ‍ॅपवर एकाखाली एक दिसतात, तिन्हींना सारखाच प्ले बटण. आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुठला भाग कुठल्या टप्प्यावरचा, हे कसं कळावं? वर्तमानपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. तुमचा भाग जात नाही, उलट नवीन श्रोता आला की मागचे सगळे भाग सलग ऐकतो.

तक्रारींतली पहिली शब्दांची आहे आणि तीच सगळ्यात मोठी.

ज्याच्यावर एफआयआरमध्ये बोट आहे तो संशयित. आरोपपत्र दाखल झालं, कोर्टाने दोषारोप निश्चित केले, तरी तो आरोपीच. साक्षीपुरावा होऊन निकालात दोष सिद्ध झाला तर दोषी. अपील चालू असेल तर तेही सांगावं लागतं. हे तीन शब्द तुम्ही एकाच वाक्यात आलटून पालटून वापरता, कारण तेच तेच ऐकायला कंटाळवाणं होतं म्हणे. मग 'मास्टरमाइंड', 'विकृत', 'सैतान' येतात. 'जामिनावर सुटला' मधला 'सुटला' असा काही उच्चारला जातो की पोलिसांना पैसे चारल्याचा वास यावा. वस्तुस्थिती अशी की गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. असा जामीन मिळाला की चूक शोधायची ती तपास यंत्रणेच्या वेळापत्रकात. तसंच 'पुराव्याअभावी निर्दोष' हे शब्द नाक मुरडून म्हणायची पद्धत. कोर्टात निर्दोष ठरायचा नेहमीचा मार्ग हाच असतो हो. दोष सिद्ध करायला पुरावा पुरला की नाही, हे तिथे तपासलं जातं.

दुसरी तक्रार कबुलीजबाबाची. २००९ साली शिरोड्याच्या एका माणसाला अटक झाली. १९९४ पासूनचे १६ खून त्याच्या नावावर लागले आणि 'दुपट्टा किलर' हे नाव कायमचं चिकटलं. काही खटल्यांत तो दोषी ठरला, बऱ्याच खटल्यांत सुटला. पण '१६ खुनांची कबुली' हा आकडा शीर्षकात आजही छातीठोक. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातली २५ आणि २६ ही कलमं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, दोन्हीकडे हेच आहे. अपवाद एकच, त्या जबाबामुळे एखादी वस्तू वा जागा हाती लागली तर तेवढाच भाग चालतो. दंडाधिकाऱ्यासमोर, विचार करायला वेळ देऊन, दबाव नाही याची खात्री करून नोंदवलेली कबुली वेगळी. तुम्ही दोन्हींना 'त्याने स्वतःच कबूल केलं' म्हणता. नार्को चाचणीचंही तसंच. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली, आणि संमतीने केली तरी चाचणीतली उत्तरं थेट पुरावा होत नाहीत. तुमच्याकडे मात्र नार्को हा हमखास शेवटच्या दहा मिनिटांतला धक्का असतो.

'दुपट्टा किलर'च्या याच प्रकरणात एक गोष्ट आहे जी तुम्ही फार कमी सांगता. मारल्या गेलेल्या बायका बहुतेक गरीब घरच्या. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, बेपत्ताच्या तक्रारींचं पोलीस ठाण्यात काय झालं, घरच्यांनी तक्रार द्यायला का कचरावं, हा खरा तासाभराचा विषय. त्याऐवजी त्याच्या डोक्यात काय चालायचं याचा मानसशास्त्रीय काथ्याकूट, तोही परदेशी सिरीयल किलरांच्या मोजपट्टीवर. आणि पार्श्वभूमीला समुद्राच्या लाटा. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे, तिथे जुवारीचं पाणी आहे, लाटा नाहीत. गोवा म्हटलं की लाटा आणि ट्रान्स संगीत लावायचंच, असा नियम आहे का?

तिसरी, माहिती कुठून आणता याची. 'आमच्या हाती आरोपपत्र लागलं आहे' असं ऐकलं की जाणकार श्रोता विचारतो, कुणाकडून? एफआयआर ऑनलाइन टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तोही लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. आरोपपत्रं मात्र अशी खुली करता येणार नाहीत, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तुमच्या हाती आलेली प्रत एका बाजूने दिलेली आहे, पोलिसांनी तरी किंवा वकिलाने तरी. कुठल्या बाजूने, एवढं सांगितलं तर ऐकणारा वजन करून घेईल. 'सूत्रांनुसार' म्हणून चालत नाही.

बहुतेक भागांचा पाया दोनच गोष्टींचा असतो: अटकेनंतरची पोलिसांची पत्रकार परिषद आणि त्यावरच्या इंग्रजी बातम्या. ओळखणं सोपं आहे. जो निवेदक शिवोलीला 'सिओलिम', हडफड्याला 'अर्पोरा' आणि मडगावला 'मार्गाव' म्हणतो, त्याने इथल्या एकाही मराठी वर्तमानपत्राचं जुनं कात्रण पाहिलेलं नाही आणि इथल्या एकाही माणसाशी तो बोललेला नाही. उच्चाराची ही हौस नाही, तपासाची खूण आहे. खटला कुठवर आला हे पाहायला फोंड्याला यावं लागत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (सीएनआर) टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं आणि निकाल अपलोड झाला असेल तर तोही मिळतो. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावावरून शोधा. दहा मिनिटांचं काम.

मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी माध्यम-खटल्यांवर, म्हणजे माध्यमांनीच आरोपीचा निवाडा करण्यावर, निकाल दिला. गोवा त्याच न्यायालयाच्या अखत्यारीत येतं. तपास चालू असताना काय टाळावं याची यादीच त्यात आहे: पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा छापणं, गुन्ह्याचा प्रसंग पुन्हा उभा करून आरोपीने तो कसा केला हे दाखवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेणं, आरोपी वा बळीच्या चारित्र्यावर बोलून पूर्वग्रह तयार करणं. तो निकाल वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांना उद्देशून आहे, पॉडकास्टचं नाव त्यात नाही, हे तुमचं म्हणणं शब्दशः खरं. प्रेस कौन्सिलही तुम्हाला लागू नाही. पण ही यादी आणि तुमच्या सरासरी भागाची पटकथा शेजारी ठेवून बघा.

चौथी तक्रार ओळख उघड करण्याची, आणि इथे नुसत्या सभ्यतेचा प्रश्न नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सोचं कलम २३. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलांसाठी बालन्याय कायद्याचं कलम ७४. डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिता मरण पावली असली तरी नाव जाहीर करता येत नाही, आणि ज्यावरून ओळख पटेल असा कुठलाही तपशीलही देता येत नाही. 'आता ती हयात नाही, मग काय हरकत' हा युक्तिवाद तिथेच संपला. न्यायालयांनाही हे पाळावं लागतं: म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे २०२१ मध्ये दिलेल्या एका गाजलेल्या ५२७ पानी निकालपत्रातून पीडितेची ओळख सांगणारे उल्लेख झाकायला उच्च न्यायालयाने सांगितलं होतं.

तुम्ही 'नाव बदललं आहे' म्हणता आणि निर्धास्त होता. मग वय सांगता, वाडा सांगता, घरासमोरचा खुरीस (क्रूस), वडील कुठल्या खाण कंपनीत कामाला होते, ती कुठल्या हायस्कुलात जायची. गावात याहून जास्त लागतच नाही. यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की घर सापडतं. आणखी एक कलम बहुतेकांच्या ध्यानात नसतं. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, आणि संहितेच्या कलम ७३ नुसार अशा खटल्याच्या कामकाजाबद्दल न्यायालयाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सूट आहे ती उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापण्याला. 'कोर्टरूममध्ये त्या दिवशी काय घडलं' हा तुमचा आवडता प्रसंग त्यामुळे कितीदा बेकायदा ठरतो, ते तुमच्या वकिलाला विचारा.

आवाजाबद्दल थोडं. पक्षपात लिहिलेल्या मजकुरातच असतो असं नाही, मिक्समध्येही, म्हणजे ध्वनिमिश्रणातही, असतो. आरोपीचं नाव आलं की खालून खर्जातला ड्रोन (एकसुरी घुमणारा सूर), फिर्यादी पक्षाच्या साक्षीला शांतता, बचाव पक्षाच्या वकिलाच्या वाक्याखाली टिकटिक. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज मुलीचे असतील तर लाडिक आवाजात वाचले जातात. मूळ मेसेजला आवाज नसतो, तो तुम्ही दिलेला असतो. शवविच्छेदन अहवाल 'ब्रेक के बाद' ठेवून मध्ये ऑनलाइन गेमची जाहिरात लावायची, हेही होतं. जाहिरात कुठे घालायची ते होस्टिंगवर तुम्हीच ठरवता. ती खूण दोन मिनिटं अलीकडे सरकवायला काही पडत नाही. मृत्यूच्या वेळेबद्दल ठासून बोलणाऱ्यांना एक सूचना: शरीर ताठरण्याचा '१२-१२-१२ तासां'चा आडाखा (१२ तासांत ताठरतं, १२ तास तसंच राहतं, पुढच्या १२ तासांत सैल होतं) सरसकट लावू नका. मे महिन्याच्या गोव्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. डॉक्टर कोर्टात वेळेचा पल्ला सांगतात, तुम्ही मिनिट सांगता.

कुणाची गोष्ट सांगायची आणि कुणाची नाही, हाही पक्षपातच. बळी गोरी, तरुण, परदेशी असेल तर दोन भाग. परप्रांतीय मजूर असेल तर तो फक्त आरोपी म्हणून दिसतो, मेला तर दिसतच नाही. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस पर्रा इथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी महामार्ग रोखला. सांगणारे महामार्गाची गोष्ट रंगवून सांगतात. खून कुणाचा झाला होता आणि त्या खटल्याचं पुढे काय झालं, हे विचारायचं राहून जातं. दुसऱ्या टोकाला चार्ल्स शोभराज, पर्यटकांच्या खुनांसाठी कुख्यात. ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पर्वरीच्या 'ओ कोकेरो' रेस्टॉरंटमध्ये पकडलं, आणि पुढे तिथे पुतळा बसला तो पकडलेल्याचा. तुमचे भाग त्या पुतळ्याच्याच जातीचे होऊ लागले आहेत. 'गोवा आता क्राईम कॅपिटल' म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) आकडे वाचताना एवढं पाहावं: दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण रहिवाशांवर काढतात, आणि इथे वर्षाला रहिवाशांच्या कित्येक पट पर्यटक येऊन जातात.

श्रोत्यांचं एकमत आहे असा आमचा दावा नाही. काहींना निवेदकाचं मत हवंच असतं. दोन्ही बाजू सारख्या मोजून मांडल्या की त्यांना तो पळपुटेपणा वाटतो. काहींच्या मते आरोपीची बाजू सांगणं म्हणजे मयताच्या घरच्यांच्या जखमेवर मीठ. काही नेमके उलट म्हणतात, की तुम्ही पोलिसांचे प्रवक्ते झाला आहात. या तिघांनाही चालेल अशी एक गोष्ट आहे. मत द्या, पण ते मत आहे हे आवाजात कळू द्या, आणि ज्याच्या आधारावर दिलं तो कागद दाखवा. आमच्यातही यावर वाद झाले. मात्र सुटलेल्या माणसाला खुनी म्हणणारा भाग तसाच ठेवावा, असं म्हणणारा एकही निघाला नाही.

हे माध्यमच वाईट, असंही नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला. एका पॉडकास्टच्या चमूने तिथे मुक्काम ठोकून न्यायालयातल्या ज्युरी निवडीच्या पाव शतकाच्या नोंदी हाताने तपासल्या आणि सरकारी वकील कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या जवळजवळ साडेचार पट प्रमाणात वगळतो, हे दाखवलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. ड्रोन आणि लाटांनी हे झालं नाही. उलट बाजूही आहे: ऑस्ट्रेलियात २०१८ साली गाजलेल्या एका पॉडकास्टमुळे प्रसिद्धी इतकी झाली की खटल्याआधी तो तिथल्या श्रोत्यांसाठी काढून घ्यावा लागला आणि खटला ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशासमोर चालवावा लागला. आपल्याकडे ज्युरी नाही म्हणून आपल्याला धोका नाही, असं समजू नका. साक्षीदार आपल्याकडेही माणसंच आहेत, आणि तेही पॉडकास्ट ऐकतात.

आता मागण्या.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, संगीताआधी, तीन वाक्यं: ध्वनिमुद्रणाची तारीख, त्या दिवशी खटला कुठल्या टप्प्यावर होता, माहिती कशावरून घेतली. शो नोट्समध्ये सीएनआर क्रमांक. पीडितेची ओळख उघड होण्याचा धोका असेल तिथे तो देऊ नका.

दर सहा महिन्यांनी जुन्या भागांतल्या खटल्यांची स्थिती तपासा. वर्षाला पन्नास भाग करणाऱ्यालाही याला दोन दिवस पुरतात. निकाल बदलला असेल तर भाग काढून टाकू नका, दुरुस्त करा. पॉडकास्ट होस्टिंगवर त्याच भागाची ध्वनिफीत बदलता येते. भागाचा ओळख क्रमांक तोच ठेवा, म्हणजे जुने दुवे तुटत नाहीत. ज्यांनी आधी डाउनलोड केला त्यांच्याकडे जुनीच फाईल राहते, म्हणून दोन-तीन मिनिटांचा वेगळा दुरुस्ती-भागही त्याच फीडमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या भागांच्या यादीत, टाका. यूट्यूबवर त्याच दुव्यावर व्हिडिओ बदलता येत नाही. तिथे चुकीचा तुकडा एडिटरमधून कापा, शीर्षक आणि थंबनेल बदला, वर्णनाच्या पहिल्या ओळीत निकाल लिहा आणि पहिली कमेंट पिन करा. शीर्षकातला 'खुनी' आधी काढा, बाकीचं सावकाश करा.

बचाव पक्षाच्या वकिलाला भाग प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी लेखी प्रश्न पाठवा. उत्तर आलं नाही तर कधी विचारलं ते भागात सांगा. 'संपर्क होऊ शकला नाही' एवढं पुरेसं नाही. एक फोन करून ठेवून दिला तरी ते वाक्य खरंच ठरतं.

पीडितेबद्दलचा मसुदा त्याच तालुक्यातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, कोण ते ओळखलंस का? ओळखलं तर तपशील कमी करा.

मिक्स पक्का होण्याआधी कागदावर पाच रकाने करा: बळी, आरोपी, पोलीस व फिर्यादी पक्ष, बचाव पक्ष, निवेदकाचं मत. स्टॉपवॉच लावून प्रत्येकाची मिनिटं मांडा. समान यायला हवीत असं नाही. बचावाच्या रकान्यात ४० सेकंद निघाले, तर ते तुम्हाला श्रोत्याच्या आधी कळलेलं बरं.

आणि तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता, जो कुणीतरी वाचतो, पंधरा दिवसांत उत्तर देतो. 'केवळ मनोरंजनासाठी' हे वाक्य मात्र काढा. ज्याच्या नावाचा भाग आहे त्याच्या आईला ते ऐकवून बघा.

या पत्राचं उत्तर खासगीत पाठवू नका. फीडवर द्या, आम्ही तिथेच ऐकतो.

देव बरें करूं.

गोव्यातले काही मराठी श्रोते
म्हापसा, बार्देश